माळावर कळप उरला नाही

प्रिय ठमूस,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. हरणांचा हा रोग माणसाला होत नाही. आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारून घेतलं.

तू विचारलंस, इतकी हरणं एकदम मेली कशी? बाई म्हणतात, हे जंतू त्यांच्या नाकात एरवीही असतात, काही करत नाहीत. यंदा थंडी सरताच दमट उकाडा आला आणि तेच जंतू उलटले. त्यात विण्याचा हंगाम, सगळ्या माद्या एकाच माळावर जमलेल्या. आठवड्याभरात सगळं संपलं. मी ट्रॅक्टरने मेलेली हरणं ओढून पुरायच्या खड्ड्यापाशी आणतो. जेवण चांगलं मिळतं.

आया आधी गेल्या. पाडसं त्यांना लुचत राहिली, मग तीही गेली.

काल एक पाडस जिवंत सापडलं. बाटलीने दूध पाजलं, तर पठ्ठ्या माझ्या मागे मागे चालू लागला. मी बाईंना म्हटलं, "हे वाचलं की सोडून देऊ या."

"कुणात सोडणार?" त्या म्हणाल्या. "कळप कुठे उरलाय?"

पाडस माझी बाही चोखत होतं.

तुझे पाय अजून सुजतात का? आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस, पण रात्री तिला तुझ्याजवळच झोपव. रजा मागितली आहे. साहेब नाही म्हणाले तरी बाळंतपणाआधी मी निघतो. बाळ येईल तेव्हा तू एकटी नसावीस.

जपून राहा.

तुझाच