सायंकाळच्या चित्रातील टमरेल

शाळा सुटल्याचा, रुळाच्या तुकड्यावरचा तो लांब टोल माझ्या कानात अजून घुमतो. तरीही मी, किशनराव व्यंकटी मुळे, वय ६८, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद (खोडले) लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. जिल्हा नवा आणि हात जुना, एवढ्यावरून कोणी माझ्या शुद्धीबद्दल तक्रार करू नये.

१. राहते घर पत्नी पार्वतीबाईस, तिच्यामागे मुलगी जगदेवीस.

२. माझ्या कवितांच्या सात वह्या जावईबापूंस. मी वाचू लागलो की त्यांना एस.टी.ची वेळ आठवायची. आता सवडीने वाचाव्यात.

३. भिंतीवरचे चित्र. बाहत्तरच्या दुष्काळात माझ्या संध्याकाळच्या फेरीचे हे चित्र आमच्या शाळेचे चित्रकला शिक्षक वीरण्णा यांनी काढले. सोनेरी ढग, निळे डोंगर, वाटेवर पाठमोरा मी. अगदी कवितेत शोभावे असे. फक्त माझ्या हातात त्यांनी टमरेल दिले. संध्याकाळी टमरेल घेऊन माणूस गावाबाहेर कशाला जातो, हे सांगायला नको. सगळी शाळा पंधरा दिवस हसली. टमरेल काढून पुस्तक द्या म्हणालो, तर म्हणाले, “दिसलं ते काढलं, गुर्जी.” तेव्हापासून आमचे बोलणे नाही. ते समोरून आले की मी ढग बघतो. त्यांच्याइतका चांगला सोबती मला पुन्हा मिळाला नाही, हेही नमूद करतो.

आता खोटे कशाला? टमरेल होते. त्यातले पाणी मी ओढ्याकाठच्या लिंबाच्या रोपाला नेत असे. पार्वतीबाई विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरायची. तिला कळते तर हे मृत्युपत्र तेव्हाच लिहावे लागले असते. म्हणून हसू सोसले, पण कोणापाशी बोललो नाही.

सबब, चित्र शाळेस द्यावे. तत्पूर्वी वीरण्णांनी टमरेल पुसून पुस्तक काढावे.

स्थळ : अहमदपूर. दिनांक : १२ मे १९८३.
सही : कि. व्यं. मुळे

साक्षीदार १ : निवृत्ती शेषेराव सूर्यवंशी, शेजारी.

साक्षीदार २ : पोस्टमास्तर (खोडले). ते लातूरला गेले म्हणून निवृत्तीने दारात वीरण्णांनाच आणून उभे केले आहे. त्यांच्या हातात रंगपेटी आहे. टमरेल पुसायचे एवढेच मी निवृत्तीला सांगितले होते. लिंबाचे त्यालाही नाही. वीरण्णा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “पुसतो, गुर्जी. पण मंग लिंबाला पानी कोन घालील?”