खाणीत सापडलेलं मूल

बुधवार, संध्याकाळ

पाठ दुखत नव्हती. इथे तरी खरं लिहावं.

परवा इथे जर्मनीत आमच्या खडीच्या खाणीत पोकलेनने माती काढताना हाडं लागली. काम थांबलं. पुरातत्त्ववाल्या जर्मन बाई आल्या, म्हणाल्या, हजारो वर्षांपूर्वी पुरलेलं लहान मूल आहे. कुशीवर, गुडघे पोटाशी, गालाखाली हात. आमची लेक ईरा किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, दुपारी अशीच झोपते.

आज त्यांनी हाडं खोक्यात भरली. मला म्हणाल्या, "जरा धरता? गाडी उघडते."

"माझी पाठ धरलीय," मी म्हटलं.

"आख सो," म्हणजे 'अस्सं होय,' म्हणाल्या. साठीच्या त्या बाईंनी खोकं एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्याने गाडी उघडली.

आणि मी, साइट इंजिनिअर? मला शिवायचं नव्हतं. विटाळ! यावरूनच सासूबाईंची टिंगल करायचो ना मी?

घरी आलो तो कशालाही न शिवता थेट बाथरूममध्ये. डोक्यावरून अंघोळ केली, कपडे भिजवले. बाहेर आलो तर दारात बायको, चेहरा उतरलेला.

"अरे, कोण गेलं?"

गालाखाली हात होता त्याचा.

"कोणी नाही," म्हणालो.