फेटा बांधताना

कर्नलसाहेब,

सांगलीच्या व्याख्यानात तुम्ही म्हणालात, युद्धात जिंकलेली टेकडी वाटाघाटीत परत द्यायला मोठं नेतृत्व लागतं. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. त्याच टेकडीवर आमच्या कुंडलचा धनाजी पडला.

रविवारी तुम्ही त्याच्या स्मारकाला येताय. पाहुण्यांना फेटा त्याची आई, बनाबाई, बांधते. भेटेल तेव्हा ती मला विचारते, "आवं सुभेदार, टेकडी आपलीच हाय न्हवं?" आजवर मी "व्हय" म्हणत आलो. काल म्हणालो, "सायबांनाच इचार."

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर यायचं टाळाल. या. फेटा बांधताना मान हलवता येत नाही, उत्तर तोंडानंच द्यावं लागेल.

एके काळी तुमचा आज्ञाधारक,
सुभेदार बिरदेव