आत्याची सही

प्रिय आबा,

आज एका सहीसाठी दूतावासात जायचं होतं. ऑफिसातून रजा काढली, पासपोर्ट, इथल्या रहिवासाचा इकामा, फोटो सगळं पर्समध्ये भरलं, आणि अरबी मुलखातल्या मलाझच्या या घरातून पाय काही निघेना. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही गेल्यावर दादानं कागद पाठवलाय. काजूच्या बागेतला माझा हक्क मी त्याच्यासाठी सोडते, असा. "अगं, रीतच आहे ती. सगळ्या बहिणी करतात. सही कर आणि दिवाळीला साडी घेऊन जा!" इतकं प्रेमानं म्हणाला, की भांडताही येईना.

परवा तुमच्या नातीला शाळेसाठी आजोबांवर लिहायचं होतं. "ममा, सोल्जर, एमएलए की फार्मर? एक सांग ना!" मी म्हटलं, तिन्ही लिही. सुभेदार म्हणून निवृत्त झालात, लोकांनी उचलून आमदार केलं, आणि पाच वर्षांत त्या भाषणबाजीला कंटाळून तुम्ही बाग लावलीत. पण पलटणीतल्या सवयी कुठं सुटल्या? रोज सकाळी कलमांची हजेरी घ्यायचात!

कलम बांधायला तुम्ही मला शिकवलंत, दादाच्याही आधी. "हिच्या हातचं कलम मरत न्हाई," असं पाहुण्यांना सांगायचात. त्या एका वाक्याच्या जोरावर मी परमुलखात बँकेत नोकरी मागायला उभी राहिले, आबा. केवढे उपकार!

पण एक रागही आहे, आज बोलूनच टाकते. आमदार असताना गावोगाव सांगत फिरलात, लेकींना जमिनीत वाटा द्या म्हणून. आणि घरी? माझे आजोबा गेल्यावर आत्याची सही कुणी घेतली? तुम्हीच ना! ती बिचारी साडी घेऊन हसत गेली. त्याच जमिनीवर आपली बाग उभी आहे.

गेल्या हिवाळ्यात इथं आलात, तेव्हा तुम्ही स्वतःच विषय काढलात. खालच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, दूध आणून स्वतः चहा केला होतात. कप हातात धरून म्हणालात, "आक्काची सही घ्यायला नको हुती बघ. ती न्हाई म्हणाली न्हाई, म्हणून मी इचारलंच न्हाई." लढाई पाहिलेला माणूस पोटच्या पोरीसमोर चूक कबूल करत होता! आज मनापासून सांगते, तुम्ही ते बोलला नसतात, तर मीही मुकाट सही केली असती.

मघाशी दादाला फोन केला. "सही करत नाही," म्हटलं. तो मग म्हणाला, "आबांना हे चाललं असतं?" मी म्हटलं, "त्यांनीच शिकवलंय." त्यानं फोन ठेवला. परत करेल की नाही, माहीत नाही. भाऊ तुटायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

तरी शब्द देते, आबा. माझ्या वाट्याला जे येईल, त्यातलं निम्मं आत्याचं. सुट्टीत गावी आले की आधी तिच्या घरी जाईन, शेजारी बसेन. आणि कुठलाही कागद काढण्याआधी तिला विचारीन, "आत्या, तुला काय हवंय?"

तुमची लेक,
वैशू