गुलाबसिंगची नोकरी

मंगरूळपीर, मे १९५२

चि. गुलाबसिंग,

आपली विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, तरी जुन्या वैमानिकांच्या नोकऱ्या वाचल्या, हे तुला कळलंच असेल. पण गेल्या दोन वर्षांत लागलेल्यांना काढायचं, अशी नव्या मालकांची अट होती. तुला तर अठराच महिने झालेत. वैमानिक संघटनेच्या बैठकीत चिटणीस म्हणून मी म्हटलं, "नव्या पोरांना सोडून करार नको." अध्यक्ष म्हणाले, "भावापायी साठ जुन्या वैमानिकांच्या पोटावर पाय देतोस?" मग मी करारावर सही केली.

आईला यातलं काही ठाऊक नाही. काल ती म्हणाली, "गुलाब कवा येते? त्याच्यासाठी पोरगी पाऊन ठेवली मी. पायलट हाय म्हणूनच थे लोक तयार झाले." उद्या आईसोबत सोयरीक पक्की करायला मला रिसोडला जायचं आहे. नाही म्हणायला कारण काय देऊ?

तुला काढल्याचा कागद पंधरा दिवसांत येईल. आधी कळलं तर विमान चालवताना तुझं चित्त ठिकाणावर राहणार नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. खरं म्हणजे, गुलाब, मला तुझी भीती वाटते.

तुझा दादा,
हेमसिंग