बांधावरची अळी

आबा, तुमचे ते काळे गाडगे अजून घरात आहे. कपाशीला बोंडे धरली की ते हातात घेऊन तुम्ही ओळीओळीने फिरायचात, अळी दिसली की अलगद उचलून गाडग्यात टाकायचात आणि गाडगे भरले की नाल्यापलीकडच्या बांधावर नेऊन उपडे करायचात. शेजारचे म्हणायचे, आबा अळ्यांचे वऱ्हाड घेऊन निघाले. तुम्हीही हसायचात. मी सात-आठ वर्षांचा असेन. एक अळी मी अंगठ्याखाली धरली आहे आणि तुम्ही माझे मनगट पकडता. रागावत नाही. एवढेच म्हणता, "मारू नको रे. तिले बी पोट शे." त्या दिवसापासून मी मारली नाही; तुमच्यामागे ते गाडगे मीच बांधावर नेत आलो.

तुमचा नातू, माझा पोरगा, तर तुमच्याच मागे मागे वाढला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ तुम्ही घातलीत आणि पुढे थोड्याच दिवसांत गेलात. अळीचे पाखरू अंडी कुठे घालते, अळी बोंडात कधी शिरते, हे तो त्या गाडग्यापाशी बसून शिकला होता. भडगावच्या मास्तरांनी ते हेरले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच सांगितले की जळगावच्या नव्या कॉलेजात शास्त्र शिकवतात, शेतकऱ्याच्या एका मुलाला शिष्यवृत्ती आहे, पुढे शेतीशास्त्राला जाता येईल. ती मिळाली तरच कॉलेज, नाहीतर नाही, हे घरात कोणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते. मुलाखतीसाठी पाचोऱ्याहून आगगाडीत बसलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, काय विचारतील?" मी म्हणालो, जे विचारतील त्याचे खरे उत्तर दे, बाकी पांडुरंग बघेल.

कॉलेजात मी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. दार उघडेच होते. टेबलामागे तिघे, पुढ्यात काचेच्या बाटलीत आपल्या कपाशीवरची अळी. ही कोणती, असे प्रोफेसरांनी विचारले आणि पोरगा बोलत सुटला. ते माना डोलवत होते. मला वाटले, झाले काम. मग शेतकी खात्याचे साहेब म्हणाले, "शाबास. आता सांग, शेतात ही दिसली तर काय करशील?"

"बांधावर नेऊन सोडतो. आमचे आबा सोडायचे."

मग तिसरे, पागोटेवाले शेठ म्हणाले, "मग शिष्यवृत्ती अळीलाच देऊन टाकू या." तिघेही हसले. साहेबांचे हसणे वाईट नव्हते, आबा. बाहेर येऊन ते मला म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण ज्याला अळी मारवत नाही त्याला आम्ही काय शिकवणार. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलाला मिळाली.

आता तो सरकी काढायच्या जिनात कामाला जातो. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून निजतो. माळ खुंटीवर आहे. त्याने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे झाले असते. देवापुढे बसतो तेव्हा काय मागावे ते कळत नाही. त्याने खोटे सांगायला हवे होते, असे मला म्हणवत नाही. त्याने बरोबर केले, असेही त्याच्या तोंडाकडे बघून म्हणवत नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मी रोज विचारतो, आणि आता तुमचा आवाजही नीट आठवत नाही.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही. चुलीत जाईल. तेवढ्यासाठीच एक लिहून टाकतो. आज शेतात एका बोंडावर अळी दिसली. ती मी अंगठ्याखाली चिरडली. माझ्या आत काही हलेल म्हणून थांबलो, काही हलले नाही. मग दुसरी, तिसरी. पण शेजारचे लोक बघत होते, म्हणून निघताना रिकामे गाडगे घेऊन नाल्यापलीकडे गेलो आणि तुमच्यासारखेच बांधावर उपडे करून आलो.