सालीचं कडं

प्रिय धाकटे,

पत्र हातात पडताच आधी लेकाला हाक मार. नावानं. जमलं? मग आता खाली बस आणि पुढचं वाच.

शाळेच्या फाटकाशी उभी असताना यातलं आपलं पोर कोणतं तेच तुला कळेना, असं तू लिहिलंस. वर, थकवा असेल म्हणे! मी तशीच शिडी उचलून झाडाकडे धावले. चौकातल्या लोकांना वाटलं, बाई बिथरली. इथं प्रत्येकाच्या जन्माला त्या पवित्र झाडाला एक फांदी फुटते आणि माणूस कुठेही गेलं तरी त्याच्या आठवणी त्या फांदीत राहतात, हे तुझ्या मते थोतांड. त्यावरूनच आपण भांडलो आणि तू दार आपटून गेलीस. आठ वर्षं झाली. तुझी फांदी मात्र दर वर्षी पालवत होती.

या वेळी तिची साल काळी पडली होती, बोट टेकवलं की आत जाईल इतकी मऊ. कुजलेलं खरवडून तिथं निरोगी सालीचं ठिगळ बसवायचं, हे आपल्या घराचं काम. त्या झाडाला हत्यार लावायची मुभा दुसऱ्या कुणालाच नाही. पण बाबांनी मला धपाटे घालून शिकवलं होतं, की ठिगळासाठी निरोगी फांदीची साल अर्धीच काढायची. पूर्ण गोल कडं काढलं की फांदी सुकते. तुझी कीड गोल फिरली होती, अर्ध्यानं भागणार नव्हतं. आणि ठिगळ सख्ख्याच्याच फांदीचं लागतं. मग काय, माझ्या फांदीचं पूर्ण कडं उतरवलं आणि तुझ्या फांदीला बसवलं.

उगाच नाक ओढू नकोस. तुला पोर आहे, नवरा आहे. मला विसरायला आहे कोण? एक तू, आणि एक ती शेजारीण, जिला विसरायचा प्रयत्न मी वीस वर्षं करतेय. परवा ते जमलं. ती दारात बोलत होती आणि मला कळेना, ही कोण बाई एवढ्या हक्कानं ओरडतेय. मग मात्र मला भीती वाटली, धाकटे. खोटं कशाला सांगू?

सकाळी माझ्या फांदीवर अकरा हिरवी पानं होती, दुपारी नऊ. बाबांचा चेहरा गेला, आवाज आहे अजून. तुझा चेहरा आहे. दार आपटतानाचा का होईना, आहे.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी, की तू येशील तेव्हा मी तुला ओळखणार नाही. तरी ये. दारात रडू मात्र नकोस, अनोळखी बायकांचं रडणं मला सोसत नाही. दाराच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, की हनुवटीवर व्रण असलेली बाई आली तर ती माझी बहीण, तिला आत घ्यायचं. (शिडीवरून तुला मीच पाडलं होतं. आईला तू कधी सांगितलं नाहीस.) तू फक्त हे पत्र दाखव, माझं अक्षर मी ओळखेन. खालची सही मी पत्र सुरू करण्याआधीच करून ठेवली आहे.

तुझीच,
ताई